चाळिशीआधीच अंडाशय थांबले, तर आई होता येतं का? आणि त्या बाळाची आई कोण?

१३ ऑगस्ट २०२४. मुंबई उच्च न्यायालयासमोर ४२ वर्षांच्या एका स्त्रीची याचिका होती. तिची मागणी साधी होती. आपल्या पाच वर्षांच्या जुळ्या मुलींना भेटू द्यावं, एवढीच.

या जोडप्याचं लग्न २०१२ मध्ये झालं. मूल होत नव्हतं. मग २०१८ मध्ये सरोगसीचा करार झाला. स्त्रीबीजं दिली ती या स्त्रीच्या धाकट्या बहिणीनं, स्वतःच्या इच्छेनं. ऑगस्ट २०१९ मध्ये जुळ्या मुली जन्मल्या आणि सुमारे दीड वर्ष आई-वडिलांजवळ एकत्र राहिल्या. पुढे नवरा-बायकोत बिनसलं. मार्च २०२१ मध्ये नवरा मुलींना घेऊन दुसऱ्या घरी राहायला गेला. ज्या बहिणीनं बीजं दिली होती, तीही तिथे राहू लागली.

आई कोर्टात गेली. नवी मुंबईत, बेलापूरच्या न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये तिचा भेटीसाठीचा अर्ज फेटाळला. नवऱ्याचं म्हणणं होतं की बीजं मेहुणीची आहेत, त्यामुळे मुलींची जैविक आई तीच, आणि बायकोचा मुलींवर काही हक्क नाही.

उच्च न्यायालयानं हे अमान्य केलं. पण तोपर्यंत एक प्रश्न सगळ्यांसमोर आला होता. दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून झालेल्या मुलाची आई नेमकी कोण?

हा प्रश्न वकिलांपुरता नाही. ज्या बाईची पाळी तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षीच थांबते, तिला डॉक्टर बहुतेक वेळा हाच मार्ग सुचवतात: दुसरीचं बीज आणि तुझं गर्भाशय. म्हणून वैद्यकशास्त्र काय सांगतं आणि कायदा काय सांगतो, हे दोन्ही एकत्र समजून घेऊया.

न्यायालयानं काय ठरवलं?

न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी बेलापूरचा आदेश रद्द केला. धाकट्या बहिणीची भूमिका स्वेच्छेनं बीज देणाऱ्या दात्याची आहे. फार तर तिला जनुकीय आई म्हणता येईल, पण त्यामुळे मुलींची जैविक आई असल्याचा कायदेशीर हक्क तिला मिळत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. आईला दर आठवड्याच्या शेवटी तीन तास मुलींना भेटू द्यावं, असा आदेश दिला.

करार २०१८ चा होता, म्हणजे २०२१ चे कायदे येण्याआधीचा. त्यामुळे न्यायालयानं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २००५ च्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला. बीज देणारी व्यक्ती आणि सरोगेट यांनी मुलावरचे पालकत्वाचे सर्व हक्क सोडलेले असले पाहिजेत, असं त्या सूचनांत तेव्हाच लिहिलेलं होतं.

म्हणजे बीज कोणाचं, यावर आईपण ठरलं नाही. मूल व्हावं म्हणून जे जोडपं पुढे आलं, तेच आई-वडील ठरले.

अंडाशय 'थांबतात' म्हणजे काय होतं?

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून साधारण १० ते २० लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. पुढच्या सगळ्या आयुष्यात प्रत्यक्ष पक्व होऊन बाहेर पडतात ती चारशे-पाचशेच. बाकीची हळूहळू आपोआप नष्ट होतात. नवीन बीजं तयार होत नाहीत. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू सतत तयार होत राहतात, स्त्रीचा साठा मात्र जन्मापासून ठरलेला असतो.

हा साठा संपत आला की रजोनिवृत्ती येते. भारतात ती साधारण पंचेचाळीस ते पन्नास या वयात येते. पण काही जणींच्या बाबतीत साठा फार लवकर संपतो, किंवा साठा असूनही अंडाशय नीट काम करत नाहीत. चाळिशीच्या आत असं झालं तर त्याला प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशियन्सी, थोडक्यात पीओआय, म्हणतात.

पूर्वी याला ओव्हेरियन 'फेल्युअर' म्हणायचे, म्हणजे अंडाशय निकामी होणं. आता डॉक्टर तो शब्द टाळतात, आणि त्याला वैद्यकीय कारण आहे. निकामी झालेलं यंत्र पुन्हा चालत नाही. या स्थितीत मात्र अंडाशय अधूनमधून पुन्हा काम करू शकतात. एखाद्या महिन्यात पाळी येते, एखादं बीज बाहेर पडतं. म्हणून 'अपुरं काम' हे वर्णन जास्त खरं आहे.

रजोनिवृत्ती आणि पीओआय यांच्यातला हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेसाठी महत्त्वाचा आहे.

किती जणींना होतं?

अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत एकच आकडा होता. चाळिशीच्या आत शंभरात एक, तिशीच्या आत हजारात एक, विशीच्या आत दहा हजारांत एक. अलीकडच्या वर्षांत जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, तेव्हा हे प्रमाण जास्त असल्याचं दिसलं. युरोपातल्या एश्रे या संस्थेनं इतर आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साथीनं २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत हा आकडा सुमारे ३.५ टक्के धरला आहे.

म्हणजे शंभरात तीन-चार जणी. एका मोठ्या सोसायटीत किंवा लोकलच्या लेडीज डब्यात अशी एखादी तरी असणारच. ती त्याबद्दल बोलत नाही, इतकंच.

कारणं कोणती?

बहुतेक वेळा ठोस कारण सापडत नाही. हे ऐकायला अवघड जातं, पण खरं आहे. ज्यांच्यात कारण सापडतं, त्यांच्यात साधारण पुढची कारणं असतात.

पहिलं, गुणसूत्रांतले बदल. टर्नर सिंड्रोममध्ये एक्स गुणसूत्रांपैकी एक नसतं किंवा अपुरं असतं. फ्रजाइल एक्स नावाच्या जनुकीय दोषाचा सौम्य प्रकार असलेल्या स्त्रियांमध्ये साधारण पाचांतल्या एकीला पीओआय होतो.

दुसरं, स्वतःच्या प्रतिकारशक्तीनं स्वतःवरच केलेला हल्ला. थायरॉइड किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा असा आजार असेल तर अंडाशयावरही परिणाम होऊ शकतो.

तिसरं, उपचारांचा परिणाम. केमोथेरपी, ओटीपोटावर दिलेलं रेडिएशन, अंडाशयावरच्या शस्त्रक्रिया, विशेषतः एंडोमेट्रिओसिसच्या गाठी काढताना होणारं नुकसान.

याशिवाय घरात आई किंवा बहिणीची पाळी फार लवकर गेली असेल तर धोका वाढतो. सिगारेट-तंबाखूमुळे रजोनिवृत्ती लवकर येते, हेही सिद्ध झालेलं आहे.

काय केल्यामुळे झालं नाही, हेही सांगायला हवं. लग्न उशिरा केलं, नोकरी केली, गोळ्या घेतल्या म्हणून पीओआय होत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे बीजं संपत नाहीत. गोळ्या चालू असताना पाळी नियमित दिसते, त्यामुळे आधीपासूनचा त्रास झाकला जातो आणि गोळ्या बंद केल्यावर तो समोर येतो. मग दोष गोळ्यांवर जातो.

निदान कसं होतं, आणि कुठे चुकतं?

२०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन गोष्टी पाहतात. किमान चार महिने पाळी थांबलेली किंवा अनियमित असणं, आणि रक्तातलं एफएसएच हे संप्रेरक २५ युनिटपेक्षा जास्त असणं. पूर्वी ही तपासणी चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा लागायची. आता चित्र स्पष्ट असेल तर एक तपासणी पुरते, शंका असेल तर पुन्हा करतात.

एफएसएच वाढणं म्हणजे काय? मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला 'काम कर' असा निरोप पाठवते. अंडाशय उत्तर देत नाही, तसा निरोपाचा आवाज वाढत जातो. जास्त एफएसएच म्हणजे हा वाढलेला आवाज.

इथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक म्हणजे दुर्लक्ष. पाळी तीन-चार महिने आली नाही की 'टेन्शन असेल', 'वजन वाढलंय', 'पीसीओडी असेल' म्हणून विषय मिटवला जातो. पाळी थांबण्याची इतर कारणं असतातच. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस, अचानक खूप वजन घटणं, ही सगळी तपासायला हवीत. पण तपासायला हवीत, गृहीत धरायची नाहीत. रात्री घाम फुटणं, अंगातून गरम वाफा येणं, झोप न लागणं, योनिमार्ग कोरडा पडणं, ही लक्षणं तिशीत दिसली तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

दुसरी चूक म्हणजे एएमएचचा धसका. हल्ली 'फर्टिलिटी पॅकेज'च्या जाहिराती पाहून अनेक जणी एएमएच ही रक्ततपासणी करून घेतात. आकडा कमी आला की इंटरनेटवर शोधतात आणि रात्रभर झोपत नाहीत. कमी एएमएच म्हणजे पीओआय नव्हे. पाळी नियमित असेल तर या एका आकड्यावर निदान होत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या स्त्रियांना पाहिलं गेलं. ज्यांचं एएमएच कमी होतं, त्यांना नैसर्गिकपणे दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी दिसली नाही. एएमएच साठ्याचा अंदाज देतं आणि आयव्हीएफमध्ये किती बीजं मिळतील हे सांगायला उपयोगी पडतं. आई होणार की नाही, हे ते सांगत नाही.

तिसरी चूक म्हणजे निदानापाशीच थांबणं. पीओआय असल्याचं कळल्यावर गुणसूत्रांची तपासणी, फ्रजाइल एक्सची तपासणी, थायरॉइड आणि अ‍ॅड्रिनलसंबंधीच्या चाचण्या, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, एवढं तरी व्हायला हवं. फ्रजाइल एक्सचा संबंध बहिणी आणि त्यांच्या मुलांशीही येतो.

नैसर्गिकपणे दिवस राहू शकतात का?

हो. पण शक्यता कमी आहे.

निदान झालेल्या शंभर जणींपैकी साधारण पाच ते दहा जणींना पुढे कधीतरी आपोआप दिवस राहतात. अंडाशय अधूनमधून जागे होतात, त्यामुळे हे घडतं. कोणाच्या बाबतीत घडेल, हे आधी सांगता येत नाही. ही शक्यता खात्रीनं वाढवणारं कोणतंही औषध आजवर सिद्ध झालेलं नाही.

या आकड्याचे दोन अर्थ आहेत. मूल हवं असलेल्या बाईनं आशा पूर्ण सोडू नये, पण त्या आशेवर वर्षानुवर्षं थांबूनही राहू नये. आणि ज्या बाईला मूल नको आहे, तिनं 'आता कसले दिवस राहणार' असं गृहीत धरू नये. तिला गर्भनिरोधक लागतं. संप्रेरकांच्या बदली गोळ्या, म्हणजे एचआरटी, गर्भनिरोधक नाहीत.

स्वतःच्या बीजांनी आयव्हीएफ करून पाहता येतं का? काही केंद्रं प्रयत्न करतात. पण अंडाशयच उत्तर देत नसतील तर इंजेक्शनं वाढवून बीजं तयार होत नाहीत. अशा प्रत्येक फेरीचा खर्च मोठा आणि यशाची शक्यता अगदी कमी असते. हे पैसे भरण्याआधी विचारा: 'माझ्यासारख्या एफएसएच असलेल्या किती जणींना तुमच्याकडे स्वतःच्या बीजापासून मूल झालं?' उत्तर आकड्यात मागा.

दुसरीचं बीज: हा मार्ग मुंबईत केव्हा आला?

अंडाशय थांबले तरी गर्भाशय थांबलेलं नसतं. ही गोष्ट सगळ्यांत कमी लोकांना माहीत असते. बाहेरून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दिलं की गर्भाशयाचं अस्तर तयार होतं. दात्या स्त्रीचं बीज आणि पतीचे शुक्राणू यांपासून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून त्यात ठेवला, तर तो रुजू शकतो. पहिले काही आठवडे संप्रेरकं बाहेरून द्यावी लागतात, नंतर नाळ ते काम हाती घेते. नऊ महिने पोटात वाढवणं, बाळंतपण, अंगावर पाजणं, हे सगळं तीच बाई करते.

अंडाशय काम करत नसलेल्या स्त्रीला अशा पद्धतीनं मूल झाल्याचं वैज्ञानिक वृत्त ऑस्ट्रेलियातून १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. भारतात ही वाट मुंबईतून गेली. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी हर्षाचा जन्म झाला, हे अनेकांना आठवत असेल. त्याच डॉ. हिंदुजांनी रजोनिवृत्ती झालेल्या आणि अकाली अंडाशय थांबलेल्या स्त्रियांसाठी स्त्रीबीज दानाची पद्धत इथे रुजवली. या पद्धतीनं देशातलं पहिलं बाळ २४ जानेवारी १९९१ रोजी जन्मलं.

या मार्गात यशाची शक्यता प्रामुख्यानं बीज देणाऱ्या स्त्रीच्या वयावर ठरते, घेणारीच्या नाही. म्हणूनच पीओआयमध्ये हा सर्वांत खात्रीचा मार्ग मानला जातो. धोके मात्र आहेत. दात्याच्या बीजापासूनच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे देखरेख काटेकोर लागते. टर्नर सिंड्रोम असलेल्या स्त्रीच्या हृदयाला आणि महाधमनीला गरोदरपणात गंभीर धोका संभवतो. तिनं हृदयरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आजचा कायदा काय म्हणतो?

साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा, म्हणजे एआरटी कायदा, २०२१ मध्ये मंजूर झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. वाचकानं लक्षात ठेवावेत असे त्यातले मुद्दे असे:

• बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वयाची हवी.
• ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते, आणि त्या वेळी सातपेक्षा जास्त बीजं घेता येत नाहीत.
• एका दात्याची बीजं एकापेक्षा जास्त जोडप्यांना देता येत नाहीत.
• दात्याची तपासणी, बीज घेणं आणि साठवणं हे काम नोंदणीकृत एआरटी बँकेनं करायचं आहे.
• दात्यासाठी १२ महिन्यांचा आरोग्य विमा काढावा लागतो.
• उपचार घेणाऱ्या स्त्रीचं वय २१ च्या वर आणि ५० च्या आत, पुरुषाचं २१ च्या वर आणि ५५ च्या आत हवं.
• जन्मलेलं मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचंच जैविक मूल मानलं जातं. दात्याचा त्यावर पालक म्हणून कोणताही हक्क राहत नाही.

शेवटचा मुद्दा बेलापूरच्या प्रकरणातल्या प्रश्नाचं उत्तर आहे. २०१८ मध्ये ते मार्गदर्शक सूचनांत होतं, आज कायद्यात आहे. तुमच्या मुलाचं बीज कोणाचं होतं, हे भांडणात हत्यार म्हणून वापरता येणार नाही.

पण कायदा असला तरी कागद नीट असावे लागतात. संमतीपत्रं, बँकेची आणि क्लिनिकची नोंदणी, उपचारांच्या नोंदी, यांच्या प्रती नवरा-बायको दोघांकडेही असाव्यात. त्या मुलींच्या आईला आपल्या मुलींना तीन तास भेटण्यासाठी बेलापूरपासून उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे विसरू नका.

सात बीजांचा नियम का, आणि त्याची किंमत कोण देतं?

एका फेरीत तरुण स्त्रीच्या अंडाशयात सातपेक्षा जास्त बीजं सहज तयार होऊ शकतात. किती होतील, यावर डॉक्टरांचं पूर्ण नियंत्रण नसतं. मग सातचीच मर्यादा का?

याचं उत्तर मुंबईच्याच आठवणीत आहे. २०१० मध्ये इथे १७ वर्षांच्या एका मुलीचा बीजं दिल्यानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पैशांची गरज असलेल्या मुलींना पुन्हा पुन्हा इंजेक्शनं देऊन बीजं काढण्याचा धंदा चालतो, हे तेव्हा लोकांसमोर आलं. जास्त बीजं काढण्यासाठी औषधांचा मारा वाढवला की अंडाशयांना सूज येते, पोटात पाणी साठतं आणि क्वचित जीवही जातो. आयुष्यात एकदाच आणि सातच, हा नियम त्या मुलींसाठी आहे.

दुसऱ्या बाजूला, दात्या कमी झाल्या. पूर्वी एका दात्याची बीजं दोन-तीन जोडप्यांत वाटली जायची आणि खर्चही वाटला जायचा. आता एक दाता, एक जोडपं. सात बीजांतली सगळी पक्व नसतात, सगळ्यांचे भ्रूण होत नाहीत, सगळे भ्रूण रुजत नाहीत. पहिला प्रयत्न फसला तर नवी दाता, नवा खर्च.

आणि हा खर्च बहुतेक वेळा जोडप्याच्याच खिशातून जातो. गोवा सरकारनं २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सेवा सुरू केली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात अशी सोय झाली, तर पीओआय झालेल्या बाईचं आईपण तिच्या नवऱ्याच्या पगारावर अवलंबून राहणार नाही. दात्याचं संरक्षण कमी करून खर्च कमी करणं हा उपाय नव्हे. दोन गरजू बायकांपैकी एकीच्या शरीरावर दुसरीची सवलत काढता येत नाही.

मग सरोगसी लागते का?

फक्त पीओआय असेल तर सहसा नाही, कारण गर्भाशय शाबूत असतं. ज्यांना गर्भाशय नाही किंवा ज्यांना गरोदरपण जिवावर बेतू शकतं, त्यांच्यासाठी सरोगसी आहे.

इथे महाराष्ट्रातलं एक दुखणं आठवतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या बायका आणि पीओआय झालेल्या बायका, दोघींची पाळी लवकर थांबते, पण फरक मोठा आहे. एकीकडे बीजं असतील, पण गर्भ वाढायला जागा नाही. दुसरीकडे जागा आहे, बीजं नाहीत. म्हणून 'पाळी गेली, आता काही होणार नाही' हे वाक्य दोघींना सरसकट लावता येत नाही.

सरोगसीतही दात्याच्या बीजाचा प्रश्न अडकला होता. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलून बीज आणि शुक्राणू दोन्ही जोडप्याचेच हवेत, अशी अट घातली. ज्या स्त्रीची स्वतःची बीजंच नाहीत, तिच्यासाठी दार बंद झालं. जन्मतः गर्भाशय नसलेल्या एका स्त्रीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला दात्याच्या बीजाची परवानगी दिली. मुंबई उच्च न्यायालयानंही त्या वर्षाच्या शेवटी दोन जोडप्यांना दिलासा दिला. अखेर २१ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम सुधारला. आता जिल्हा वैद्यकीय मंडळानं गरज प्रमाणित केली, तर एक बीज दात्याचं चालतं. दुसरं मात्र जोडप्यातल्या कोणाचं तरी हवं. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला सरोगसी हवी असेल तर स्वतःचंच बीज लागतं. म्हणजे पीओआय असलेल्या आणि गर्भाशयाचाही प्रश्न असलेल्या एकट्या स्त्रीसाठी हे दार अजूनही बंद आहे.

पीआरपी आणि स्टेम सेलचं काय?

'अंडाशय पुन्हा तरुण करा', 'ओव्हेरियन रिज्युव्हनेशन' अशा रील्स तुमच्याही फोनवर येत असतील. यात स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग अंडाशयात टोचतात. काही जणींना नंतर दिवस राहिल्याचं सांगतात.

आता मघाचा आकडा आठवा. काहीही न करता शंभरात पाच ते दहा जणींना दिवस राहतातच. मग पीआरपीनंतर शंभरात पाच जणींना दिवस राहिले, तर श्रेय कोणाचं? हे ठरवायला तुलनात्मक अभ्यास लागतात, आणि तसा भक्कम पुरावा अजून नाही. २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं असे उपचार संशोधनाबाहेर, नेहमीच्या सेवेत वापरू नयेत, असंच सांगतात. स्टेम सेलचंही तेच. जपानमध्ये अंडाशयाचा तुकडा काढून, प्रयोगशाळेत जागा करून परत बसवण्याचं काम २०१३ मध्ये गाजलं आणि त्यातून बाळंही जन्मली, पण तेही अजून प्रयोगच आहे.

प्रयोगात सहभागी व्हायला हरकत नाही. पण खऱ्या प्रयोगात लेखी संमती असते, नैतिक समितीची मान्यता असते आणि रुग्णाकडून उपचाराचे लाखो रुपये घेतले जात नाहीत.

खारघरला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट

टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र खारघरला आहे. देशभरातून कर्करोगाचे रुग्ण तिथे येतात, त्यांत तरुण मुलीही असतात. केमोथेरपीमुळे अंडाशयांना धक्का बसू शकतो, हे आपण पाहिलं. म्हणून कोणत्याही रुग्णालयात, केमो सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: 'हिला पुढे मूल हवं असेल तर आता काय करता येईल?'

बीजं किंवा भ्रूण गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात. वयात न आलेल्या मुलीच्या किंवा थांबायला वेळ नसलेल्या रुग्णाच्या अंडाशयाचा तुकडा गोठवता येतो. अशा पुन्हा बसवलेल्या तुकड्यातून पहिलं बाळ बेल्जियममध्ये २००४ मध्ये जन्मलं. काही रुग्णांना केमोच्या काळात अंडाशय 'झोपवून' ठेवणारी इंजेक्शनं देतात. प्रत्येकीला हे शक्य नसतं, कधीकधी कर्करोगाचा उपचार एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. पण विचारायचं राहून गेलं, असं होऊ नये.

मूल नको असेल तरी उपचार हवेत

पीओआय म्हणजे फक्त मूल न होणं, असं समजणं महागात पडतं. इस्ट्रोजेन हाडं, हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळतं. तिसाव्या वर्षी ते कमी झालं तर पन्नाशीत हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून काही अपवाद सोडले तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, संप्रेरकं बाहेरून घ्यायला सांगतात.

'हार्मोन घेतले की कॅन्सर होतो' ही भीती मुख्यतः पन्नाशीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासांतून आली आहे. तिशीतल्या बाईच्या शरीरात जे असायलाच हवं होतं, तेच परत देणं ही वेगळी गोष्ट. अर्थात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर निर्णय तज्ज्ञांनीच घ्यायचा. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, चालणं, वजन उचलण्याचा व्यायाम आणि तंबाखू बंद.

घरात काय बोलायचं?

निदान झाल्यावर पहिला धक्का बसतो, दुसरा घरातून बसतो. 'लग्नाआधी सांगायला हवं होतं', 'आमच्या मुलाचं काय?' कोलकात्यातल्या एका प्रकरणात पत्नीला अकाली रजोनिवृत्ती आल्यावर पतीनं परस्परसंमतीनं घटस्फोट मागितला. कलकत्ता उच्च न्यायालयानं २०२२ च्या अखेरीस स्पष्ट केलं की मूल न होणं हे घटस्फोटाचं कारण नाही. पालक होण्याचे इतर मार्ग आहेत, आणि अशा वेळी जोडीदारानं समजून घ्यायला हवं.

त्या मार्गांत दत्तकही येतं. कारा या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करून ते घेता येतं. वाट पाहावी लागते, त्यामुळे विचार पक्का असेल तर नोंदणी लवकर करावी. आणि मूल न होता जगणं हाही एक पूर्ण मार्ग आहे. तो निवडलेल्या बाईला रोज समजूत घालायची गरज नसते.

तर उत्तर काय?

चाळिशीआधी अंडाशय थांबले तर आई होता येतं का? आपोआप, क्वचित. दात्याच्या बीजानं, बऱ्याचदा. दत्तक घेऊन, नक्कीच. पण पाळी चार महिने आली नसेल तर आधी तपासणी करा, कारण आई होण्याआधी तुमची हाडं आणि हृदय तुमच्याबरोबर राहायला हवीत.

आणि त्या बाळाची आई कोण? बेलापूरहून उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या स्त्रीच्या दोन मुलींनी जन्मल्यापासून दीड वर्ष जिला पाहिलं, तिला कायद्यानं आई म्हटलं. बीज कोणाचं, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या नोंदवहीपुरता राहू द्यावा.